आमच्या श्रद्धेआड लपू नका

माननीय मुख्यमंत्री, तामिळनाडू राज्य, यांस



मी चेन्नईचा नागरिक. घराणे तंजावरचे मराठी, पण जन्म आणि आयुष्य याच शहरातले. दर पुरानंतर शासनाकडून एकच उत्तर मिळते: निसर्गापुढे कोणाचे काय चालणार? आम्ही देव मानणारी माणसे आहोत, म्हणून हे उत्तर आम्हाला पटेल असे आपणांस वाटत असावे. पाऊस देवाने पाडला, हे मान्य. पण चेंबरंबाक्कम तलावाचे दरवाजे देवाने उघडले नव्हते.

1 डिसेंबर 2015 रोजी त्या तलावातून 29,000 क्युसेक पाणी अड्यार नदीत सोडले गेले. काठावरच्या कित्येकांना त्याची खबर मिळाली, ती पाणी उंबरठा ओलांडून आत आल्यावर. भारताच्या महालेखापरीक्षकांनी या पुराला मानवनिर्मित आपत्ती म्हटले आणि तो अहवाल 2018 साली आपल्याच विधानसभेत मांडला गेला. तो आपण वाचला आहे, असे मी धरून चालतो. मग त्या चुकांची जबाबदारी कोणावर ठेवली गेली?

त्या दिवसांत आमची श्रद्धा डळमळली नाही, ती माणसांमुळे. मच्छीमारांनी समुद्रातल्या होड्या गल्ल्यांत आणल्या. कोट्टूरपुरमच्या देवळात गुडघाभर कचरा-गाळ साचला होता, तो मुस्लिम तरुणांनी उपसला. देवळे, मशिदी, चर्च यांनी दारे उघडली आणि कोणाला जात-धर्म विचारला नाही. हे आम्ही देवाचे देणे समजतो. प्रत्येक पुरानंतर मात्र 'चेन्नईकरांची जिद्द' म्हणून याचाच गौरव होतो आणि विषय तिथेच मिटवला जातो, याची चीड येते.

पुनर्वसनाचे तर बोलायलाच नको. 2004 च्या त्सुनामीतून वाचलेल्या कोळी कुटुंबांना सेम्मंचेरीत घरे दिली, तिथे पावसाचे पाणी तुंबते. 2015 नंतर अड्यार आणि कूवम नद्यांच्या काठावरची वस्ती 'धोकादायक' म्हणून उठवली आणि त्यातली कित्येक कुटुंबे पेरुंबाक्कमच्या इमारतींत नेऊन टाकली. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळ आले आणि पेरुंबाक्कमही पाण्यात गेले. नदीकाठचा माणूस उचलून दलदलीच्या कडेला ठेवायचा, याला पुनर्वसन म्हणावे का? पाणी मुरवणारी पळ्ळिकरणैची दलदल एकेकाळी सुमारे 50 चौरस किलोमीटर होती. आज तिचा जेमतेम दहावा हिस्सा उरला आहे. 2022 साली तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला, पण त्याआधी तिच्यात कचरा, रस्ते आणि इमारती भरायला परवानगी कोणी दिली?

मिचाँगच्या आधी आम्हाला सुमारे 4,000 कोटींच्या पर्जन्यजल गटारांचे आश्वासन मिळाले होते. शहराच्या पूरनियंत्रणासाठी नेमलेल्या तिरुप्पुगळ समितीचा अहवालही 2023 मध्येच सरकारकडे आला होता. तरीही मिचाँगमध्ये वेळच्चेरी भागात कित्येक दिवस पाणी हटले नाही, वीज आली नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2024 मध्ये, मुसळधार पावसाचा नुसता इशारा आला आणि तिथल्या लोकांनी आपल्या मोटारी उड्डाणपुलावर नेऊन रांगेने उभ्या केल्या. साहेब, शासनाच्या शब्दावर विश्वास असता तर लोकांनी असे केले असते का?

देवावरचा विश्वास आम्ही आमचा सांभाळू. त्यासाठी आपली मदत नको. आपल्या कचेरीवरचा विश्वास मात्र आपणच परत मिळवायचा आहे. ऑक्टोबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस सुरू होण्यापूर्वी समितीच्या किती शिफारशी अमलात आल्या, कोणत्या प्रभागातली गटारे अपुरी आहेत आणि तलावाचे दरवाजे उघडण्यापूर्वी किती तास आधी खबर देणार, हे लेखी जाहीर करावे, ही विनंती.

कळावे,
आपला,
चेन्नईतील एक नागरिक