‘चमकी’ने नव्हे, कागदाने मारलेली लेकरे

माणूस मरतो एकदा. पण गरीब माणूस दुसऱ्यांदा मरतो तो कागदावर. त्याच्या मरणाचे खरे कारण लिहिले जात नाही तेव्हा. मेंदूज्वराच्या बाबतीत हे देशाने वारंवार पाहिले आहे. म्हणून आज आम्ही दवाखान्यातील कागदाविषयी लिहितो आहोत.

आजारांची जागतिक वर्गवारी जागतिक आरोग्य संघटना करते. तिच्या दहाव्या आवृत्तीत मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या दाहाला ‘जी ०४’ हा संकेतांक आहे. त्यातलाच ‘जी ०४.९’ म्हणजे कारण न सांगितलेला दाह. जपानी मेंदूज्वर ‘ए ८३.०’, स्क्रब टायफस ‘ए ७५.३’. कुणी म्हणेल, ही कारकुनी भानगड चळवळीला कशाला? कारण सोपे आहे. लस कुठे जाणार, औषध कुठे पोहोचणार, निधी कुणाला मिळणार, हे या आकड्यांच्या बेरजेवरून ठरते. ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी योजनाही नाही.

गोरखपूर पाहा. २००५ साली पूर्व उत्तर प्रदेशात हजाराहून अधिक माणसे दगावली, त्यात बहुसंख्य लहान मुले. २००६ पासून जपानी मेंदूज्वराची लस देण्यास सुरुवात झाली. तरीही मुले मरतच राहिली. कागदावर मात्र एकच नाव होते : ‘तीव्र मेंदूज्वर लक्षणसमूह’. अचानक ताप आणि शुद्ध हरपणे किंवा झटके येणे, एवढीच त्याची व्याख्या. ही व्याख्या संशयित रुग्ण हेरण्यासाठी होती आणि तेवढ्यापुरती ती योग्यच होती. पण पहिली पायरी हीच शेवटची ठरली. सुमारे दहा वर्षांनी तपासण्या झाल्या, तेव्हा यातील बऱ्याच मुलांना स्क्रब टायफस असल्याचे आढळले. शेतातल्या, झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा हा आजार. डॉक्सिसायक्लीन, अॅझिथ्रोमायसीन ही त्यावरची औषधे स्वस्त आहेत. ती वेळेवर मिळाली असती तर किती लेकरे वाचली असती? याचे उत्तर कोण देणार?

मुझफ्फरपूरची कथा तर याहून संतापजनक आहे. तिथे लोक या आजाराला ‘चमकी बुखार’ म्हणतात. २०१४ साली तिथल्या दोन रुग्णालयांत ३९० मुले दाखल झाली, १२२ मेली. ज्यांची रक्तातील साखर तपासली त्या ३२७ पैकी २०४ मुलांची साखर ७० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी होती. पाठीतले पाणी काढून तपासले तर बहुतेकांत दाहाची खूणच नव्हती! लिचीतील विषारी घटक आणि रात्रीचे उपाशी पोट, असा मेळ संशोधकांनी दाखवला. म्हणजे ज्याला मेंदूचा दाह म्हटले जात होते, ती बरीचशी साखर उतरल्याने झालेली मेंदूची हानी होती. तिथे पहिला उपाय ग्लुकोज, आणि त्याहून आधीचा उपाय रात्रीची भाकरी. २०१९ मध्ये बिहारमध्ये पुन्हा दीडशेहून अधिक मुले गेली. ही मुले कुणाची? मुसहर, महादलित, भूमिहीन मजुरांची. बंगल्यातले मूल रात्री उपाशी झोपत नाही.

‘मेंदूज्वर’ लिहिले की दोष विषाणूचा. ‘उपाशी पोटी साखर उतरली’ लिहिले की दोष रेशनचा, अंगणवाडीचा, सरकारचा. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने लोकांचे पोषण सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. त्या कर्तव्याचा भंग लपवायचा असेल तर मोघम निदानासारखे सोयीचे पांघरूण नाही.

आम्ही डॉक्टरांच्या विरोधात नाही. एकेका डॉक्टरवर शंभर रुग्णांचा भार टाकणारी व्यवस्था दोषी आहे. कारण सापडले नाही तर ‘अनिश्चित’ लिहिणे प्रामाणिकपणाचेच आहे. पण कोणत्या तपासण्या केल्या, कोणत्या झाल्या नाहीत, हे तर लिहा! मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रात ‘हृदयक्रिया बंद पडून’ लिहून मोकळे होता येत नाही. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. तात्काळ कारण कोणते आणि त्यामागचे मूळ कारण कोणते, असे क्रमाने लिहायचे असते. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी एक चतुर्थांशाहून कमी मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. बाकीचे कशाने मेले, हे सरकारदप्तरी ठाऊकच नाही.

जे वाचतात त्यांचेही तेच. मज्जारज्जूच्या दाहाने पाय गेलेल्या माणसाच्या डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘ताप, अशक्तपणा’ असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील प्रमाणपत्रासाठी त्याने कोणता पुरावा दाखवायचा?

कायदा आपल्या हाती आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. तिच्यानुसार रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाला विनामूल्य द्यायचे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची. वेळेवर उपचार हा अनुच्छेद २१ चा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात सांगितले आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, वस्तीतला रुग्ण दवाखान्यात गेला की फळे घेऊन भेटायला जाताच, सोबत एक लेखी अर्जही न्या. निदान काय लिहिले ते वाचा. साखर तपासली का, स्क्रब टायफसची चाचणी झाली का, विचारा. अर्जाची पोच घ्या. विदर्भाच्या कार्यकर्त्यांनी तर हे अधिक मनावर घ्यावे. मुलांच्या मेंदूवर घाला घालणारा चांदीपुरा विषाणू १९६५ साली नागपूरकडच्या गावातच सापडला आणि त्याच गावाच्या नावाने जगात ओळखला जातो. २०२४ साली त्याने गुजरातेत पुन्हा लेकरे नेली.

सरकारकडे आमची मागणी स्पष्ट आहे. तालुका पातळीवर या तपासण्या मोफत करा. नोंदी करणारे प्रशिक्षित कर्मचारी कायमस्वरूपी नेमा. मेंदूज्वराची तालुकावार आकडेवारी कारणासह जाहीर करा. आमची लेकरे ‘अनिश्चित’ या खान्यात पुरली जाणार नाहीत, हे आता आपणच ठणकावून सांगितले पाहिजे.