संगणकीय संहितेतील पाठभेद

मराठीच्या अध्यापकांनी उपकरणांच्या आज्ञावलीवर लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. निमित्त घडले ते एका माजी विद्यार्थ्याच्या भेटीचे. अकरावी-बारावीला आमच्याकडे मराठी शिकलेला हा मुलगा आता पाण्याच्या मीटरसाठी ‘डिव्हाइस ड्रायव्हर’ लिहितो. ड्रायव्हर म्हणजे विशिष्ट चिपशी बोलणारी आज्ञावली. बाकीच्या आज्ञावलीला त्या चिपचे अंतरंग ठाऊक नसले तरी चालते. गप्पांच्या ओघात तो म्हणाला, “सर, एका ‘अन्यथा’ने आमचे तीन आठवडे खाल्ले.”

झाले होते असे. मीटरचे दोन बोर्ड होते, जुना आणि नवा. ड्रायव्हरमध्ये जागोजागी लिहिलेले होते : ‘नवा बोर्ड असेल तर असे कर, अन्यथा तसे कर.’ त्या दिवसांत ‘अन्यथा’ या शब्दाचा अर्थ ‘जुना बोर्ड’ एवढाच होता. पुढे तिसरा बोर्ड आला. त्याचा सेन्सर नव्या बोर्डासारखाच, परंतु नाव वेगळे. म्हणून तो निमूटपणे ‘अन्यथा’त जाऊन पडला. चूक ध्यानात आल्यावर सहा ठिकाणी दुरुस्ती झाली, सातवे ठिकाण नजरेतून सुटले, आणि मीटर अधूनमधून चुकीचे आकडे दाखवू लागले.

सी भाषेत असे भेद बहुधा ‘इफडेफ’ या सूचनेने लिहिले जातात. तिचे वैशिष्ट्य असे की, कंपायलर संहिता वाचण्यापूर्वीच नको असलेला भाग कापून टाकला जातो. परस्परांपासून स्वतंत्र अशा दहा अटी असतील, तर एका फाइलमध्ये १०२४ संहिता दडलेल्या असतात. कंपायलर एका वेळी त्यांपैकी एकच पाहतो. माणसाला मात्र सगळ्या एकदम वाचाव्या लागतात. हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी १९९२ सालीच एका निबंधात इफडेफच्या अशा वापराला घातक म्हटले होते.

मग भेद हाताळायचे कसे? १६५५० या जुन्या, सुपरिचित सिरियल पोर्टचे उदाहरण घेऊ. तिच्या रजिस्टरांचे क्रमांक ० ते ७. ही रचना पुढे अनेक चिपांमध्ये सामावली गेली. कुठे दोन रजिस्टरांत एका बाइटचे अंतर राहिले, कुठे चार बाइटांचे. त्यामुळे ५ क्रमांकाचे स्थितिदर्शक रजिस्टर कुठे ५ या पत्त्यावर, तर कुठे २० या पत्त्यावर सापडते. प्रत्येक वाचनापाशी ‘ही कोणती चिप?’ असे विचारीत बसण्याची गरज नाही. अंतर किती, एवढी एकच संख्या आरंभी नोंदवली की पत्ता काढण्याचे काम एका लहानशा फंक्शनवर सोपवता येते, आणि उर्वरित संहिता एकजिनसी राहते.

लिनक्सलाही हा धडा कष्टानेच मिळाला. एआरएम चिपांसाठीच्या विभागात प्रत्येक बोर्डाचे वर्णन स्वतंत्र फाइलींतून साचत गेले, आणि मार्च २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या पसाऱ्याबद्दल उघड संताप व्यक्त केला. पॉवरपीसी यंत्रांसाठी आधीपासून वापरात असलेली ‘डिव्हाइस ट्री’ची पद्धत त्यानंतर एआरएमसाठीही रूढ झाली. या पद्धतीत बोर्डाचे वर्णन आज्ञावलीबाहेर, एका वेगळ्या लेखात असते. ड्रायव्हर आरंभी एकदाच उपकरणाचे नाव विचारतो, आपल्या तक्त्यात त्या नावापुढचे गुणविशेष पाहतो, आणि पुढे केवळ गुणांवर चालतो. डिसेंबर २०१२ मधील ३.७ या आवृत्तीपासून एकच कर्नल निरनिराळ्या एआरएम चिपांवर चालू शकेल, अशी सोय झाली.

हे ऐकताना आम्हांला भांडारकर संस्थेच्या महाभारताची आठवण झाली. १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध झालेल्या त्या चिकित्सक आवृत्तीत हस्तलिखितांमधील भेद दडवलेले नाहीत आणि ते मूळ ओळीत कोंबलेलेही नाहीत. वर संहिता, खाली पाठभेद. जेथे पाठ संशयास्पद, तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. संपादकाचा निर्णय वाचकाला तपासता येतो. चांगल्या ड्रायव्हरकडूनही आमची हीच अपेक्षा आहे.

अर्थात, साम्य फार ताणू नये. पाठचिकित्सेत एका पाठाची निवड करावी लागते; ड्रायव्हरला मात्र प्रत्येक बोर्ड तितकाच खरा. शिवाय सगळेच भेद संख्येत मावत नाहीत. दोन चिपांची काम करण्याची रीतच निराळी असेल, तर तक्त्यात संख्येऐवजी त्या त्या रीतीचे फंक्शन नोंदवावे लागते. साम्य नावापुरतेच उरले असेल, तर दोन स्वतंत्र ड्रायव्हर लिहिणे अधिक प्रामाणिकपणाचे. आणि एकच बोर्ड असताना भविष्यातल्या दहांसाठी मांडव घालणे, हाही दोषच.

तरीही ‘अन्यथा’ हा शब्द आमच्या मनातून जात नाही. वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासक्रमात आपणही मुख्य प्रवाहाला प्रकरणे देतो आणि शेवटी ‘इतर’ नावाचे एक प्रकरण जोडतो. त्यात कोण कोण आहे, कोणत्या गुणांमुळे आहे, हे बहुधा तपासले जात नाही. कारण ते लिहिताना डोळ्यांसमोर एखादेच उदाहरण असते. आमच्या विद्यार्थ्याने अखेर काय केले, असे आम्ही विचारले. त्याने सातही ठिकाणचे ‘अन्यथा’ काढून टाकले, तिन्ही बोर्डांचा एक तक्ता केला, आणि तक्त्यात नसलेला बोर्ड आला तर ड्रायव्हरने काम नाकारून तसे स्पष्ट सांगावे, अशी व्यवस्था केली. अनोळखी गोष्टीला ओळखीच्या खणात ढकलण्यापेक्षा ‘ही मला ठाऊक नाही’ असे म्हणणे त्याला सुरक्षित वाटले. पुढच्या वर्षीचा अभ्यासक्रम आखताना आम्ही ‘इतर’ हे प्रकरण पुन्हा उघडून पाहणार आहोत.