हात हँडलवर, चित्त कोठे?

१ ऑगस्ट २०२५ पासून इंदूर जिल्ह्यात हेल्मेट न घातलेल्या दुचाकीस्वारास पेट्रोल देऊ नये, असा हुकूम सुटला. हुकूम सुटला की पळवाट निघावयाचीच. थोड्याच दिवसांत एका गृहस्थाने दुधाच्या कॅनचे झाकण डोक्यावर ठेवले आणि ऐटीत पेट्रोल भरून घेतले. त्याचे चलचित्र मोबाईलवरून गावोगाव फिरले, लोक पोट धरून हसले आणि अधिकाऱ्यांनी त्या पंपाला सील ठोकले. आम्हांसही हसू आवरले नाही. परंतु नंतर मनात आले की, पंपावरच्या मनुष्याला गिऱ्हाइकाच्या डोक्यावर काय आहे तेवढेच दिसते. डोक्यात काय चालले आहे हे त्याला कसे दिसावे? हेल्मेट घातलेला, कागदपत्रे चोख असलेला मुलगाही पंपापासून शंभर पावलांवर जाऊन खिशातला फोन काढू शकतो. वाचकहो, आज आम्हांस बोलावयाचे आहे ते या न दिसणाऱ्या गोष्टीविषयी.

सांवेर, देपालपूर, महू या बाजूंच्या खेड्यांतून कितीतरी मुले शिकण्यासाठी इंदुरात येतात. गावात ती मोटारसायकल शिकलेली असतात ती शेताच्या वाटेवर. तेथे समोर येणार काय, तर एखादी म्हैस, एखादा ट्रॅक्टर! तीच मुले भंवरकुआँ चौकात शिकवणीच्या वर्गांसाठी जातात, तेव्हा एका बाजूने सिटी बस, दुसरीकडून ई-रिक्षा, आणि मधूनच उलट्या दिशेने येणारा कोणी महाभाग, असा प्रकार असतो. नवख्या चालकाचे सारे चित्त क्लच, ब्रेक आणि समोरची वाहने यांतच गुंतलेले असते, त्यात आणखी कशाला जागा उरलेली नसते. नेमका तेव्हाच खिशातला फोन थरथरतो. “कोणाचा आहे एवढेच बघतो,” असे मुलगा मनाशी म्हणतो.

हे “एवढेच” किती असते ते मुलांना उपदेशाने पटत नाही. आम्ही एक सोपा उपाय सुचवितो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. फोनचा पडदा पाहावयास तीन सेकंद लागले, तर ३३ मीटर झाले. ही साधारण पंचेचाळीस पावले होतात. मुलाला मोकळ्या मैदानात उभे करावे, डोळे मिटावयास सांगावे आणि पंचेचाळीस पावले सरळ चालावयास लावावे. बरोबर एकाने असावे, म्हणजे तो पडणार नाही. दहा-पंधरा पावलांतच हात आपोआप पुढे येतात, पाय घसटू लागतात, आणि बहुतेक मुले तिसाच्या आत डोळे उघडतात. मग शांतपणे विचारावे, “बाळा, हेच अंतर तू काल गाडीवर गेलास ना?” वेग ६० असेल तर ती ५० मीटर होतात. ज्या मुलीला किंवा मुलाला गणिताची आवड असेल, त्याच्याकडूनच हा हिशेब मांडून घ्यावा. स्वतः मांडलेला हिशेब मनात राहतो.

पुष्कळ शहाणी मुले म्हणतात, “आम्ही फोन हातात धरतच नाही, कानात इयरफोन घालतो.” हा समज फार पसरलेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. १९९७ साली कॅनडातील टोरांटो येथे रेडेलमायर व टिब्शिरानी या दोन संशोधकांनी, अपघात झालेल्या आणि ज्यांच्याजवळ मोबाईल होता अशा ६९९ चालकांच्या फोनच्या बिलांच्या नोंदी तपासल्या. अपघाताच्या सुमारास फोन केला होता काय, आणि आदल्या दिवशी त्याच वेळी केला होता काय, हे त्यांनी ताडून पाहिले. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, असे त्यांना आढळले. हात मोकळे ठेवणारी यंत्रे अधिक सुरक्षित असल्याचे काही दिसून आले नाही. याचे कारण उघड आहे. हात मोकळे झाले तरी मन पलीकडच्या माणसाकडेच गेलेले असते. डोळे रस्त्यावर असतात, पण रस्ता मनात उतरत नाही. मागे बसलेला सोबती समोर बैल आडवा आला की बोलणे थांबवितो. फोनवरच्या माणसाला तो बैल दिसत नाही.

कायद्याविषयी थोडक्यात. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तीनुसार गाडी चालविताना हातातला फोन वापरणे हे धोकादायक चालविण्यात मोडते. पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. वाट पाहण्यापुरता फोन वापरावयास २०२० च्या नियमांनी मुभा दिली, तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नसेल तरच. आणि “बिनगिअरची स्कूटर सोळाव्या वर्षी चालते” असे जे वडील आम्हांस सांगतात, त्यांनी नीट ऐकावे. ती सवलत ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाला आहे. आपल्या अंगणातली स्कूटर बहुधा शंभर सीसीच्या वरची असते. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, बारा महिने गाडीची नोंदणी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. डेअरीवर दूध घालण्यासाठी म्हणून मुलाच्या हाती किल्ली देताना हे ध्यानात असावे.

२०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली, आणि त्यांत ७४,८९७ दुचाकीवरची होती. आकडा वाचून मनुष्य पान उलटतो. तथापि ज्या घरी बातमी येते, तेथे तो आकडा नसतो. मातीच्या वेळी आईच्या शेजारी बसलेल्या धर्मगुरूला हे सांगावे लागत नाही.

आता जे लिहितो त्याने काही वाचक आमच्यावर रुष्ट होतील. चालत्या गाडीवर मुलाला फोन करतो कोण? मित्र करतात, हे खरे. परंतु निम्मे फोन घरचेच असतात, असे मुले सांगतात, आणि आम्हांस ते खोटे वाटत नाही. “कोठवर आलास?” “येताना कोथिंबीर आण.” “उचलत का नाहीस?” पोरगा रस्त्यात असेल या काळजीनेच आई फोन करते, आणि त्याने उचलला नाही तर पुन्हा करते. तो रागावेल, ती घाबरेल, या भीतीने तो एका हाताने गाडी धरतो व दुसऱ्याने फोन काढतो. शिवाय वडिलांचे काय? मान वाकडी करून खांदा आणि कान यांमध्ये फोन दाबलेले, पुढे पेट्रोलच्या टाकीवर चार वर्षांचे लेकरू बसविलेले, असे गृहस्थ दर रविवारी मिस्सेनंतर आमच्याच फाटकातून बाहेर पडतात. ते लेकरू त्या वेळी गाडी चालवावयास शिकत असते. बारा वर्षांनी त्याच्या हाती किल्ली येईल, तेव्हा आपण कितीही सांगितले तरी ते टाकीवर बसून पाहिलेलेच करील.

म्हणून घराघरांत एक साधा ठराव करावा, असे आम्ही सुचवितो. गाडीला किल्ली लावण्यापूर्वी फोनचा आवाज बंद करून तो पिशवीत टाकावयाचा, खिशात नव्हे. निघताना “निघालो”, पोहोचल्यावर “पोहोचलो”, एवढे दोन शब्द कळवावयाचे, आणि मधल्या वेळात घरच्यांनी फोन करावयाचा नाही. फारच निकड पडली तर करावा, पण पहिला प्रश्न एकच: “गाडीवर आहेस का रे?” हो म्हणाला की पुढे एक शब्द न बोलता बंद करावा. तो गाडी बाजूला घेऊन स्वतः फोन करील.

देपालपूरकडच्या एका माउलीने हे करून पाहिले. पहिल्या आठवड्यात मुलगा चिडला. “अर्धवट फोन का ठेवतेस, काय झाले म्हणून मीच घाबरतो,” असे म्हणाला. तिने सांगितले, “घाबर, पण थांबून घाबर.” आता तो इंदुरातल्या खोलीवर पोहोचला की आधी घरी फोन करतो आणि मग बूट काढतो. अधलीमधली पाऊण तासाची वाट ती माउली कशी काढते, हे आम्ही तिला विचारले. त्या वेळेत आपण ज्वारी निवडतो, असे ती म्हणाली.