काटा कोणाच्या हाती?

जर्मनीतील रूरच्या खोऱ्यात गेल्सेनकिर्शेन नावाचे शहर आहे. एके काळी ते कोळशाचे शहर होते. आज ते बेकारीचे आणि फुटबॉलचे शहर आहे. तेथील शाल्के ०४ या क्लबने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या कार्यकारी मंडळाचे नेतृत्व मथियास टिलमन या चाळिशीच्या आसपासच्या गृहस्थांकडे सोपवले. टिलमन यापूर्वी हॉटेलांच्या दरांची तुलना करून देणाऱ्या ट्रिव्हागो या इंटरनेट कंपनीचे वित्तप्रमुख होते. मैदानावरील कारकिर्दीची पुण्याई त्यांच्या गाठी नव्हती. खेळाडू कोण घ्यावा, पैसा कोठे लावावा, हे अनुभवी माणसाच्या ‘नजरे’पेक्षा आकडेवारीच्या आधारे ठरावे, असा नव्या कारभाराचा रोख होता. साहजिकच चाहत्यांत दोन तट पडले. एक म्हणाला, हा खेळ हृदयाचा आहे, कारकुनांचा नव्हे. दुसरा म्हणाला, हृदयानेच आपल्याला दिवाळखोरीच्या दारात आणले. आता आकड्यांचे ऐकू या.

समाजवादी साप्ताहिकाने अशा वादात का पडावे, असे काही साथी विचारतील. फुटबॉल ही कामगारांची अफू आहे असे म्हणून हा विषय निकालात काढणे सोपे आहे. परंतु जवळजवळ दोन लाख सभासद असलेली, त्यांच्याच मालकीची आणि देखरेख मंडळातील बहुसंख्य जागा त्यांच्याच मतांनी भरणारी संस्था आज कष्टकऱ्यांच्या किती शहरांत उरली आहे? त्या संस्थेत मोजमाप कोणी करायचे, हा प्रश्न खेळापुरता नाही. तो आपला जुनाच प्रश्न आहे.

शाल्के क्लब १९०४ मध्ये कामकरी घरांतील पोरांनी काढला. क्लबचे टोपणनावच मुळी खाणकामगारांवरून पडलेले आहे. १९२८ मध्ये उभ्या राहिलेल्या मैदानाची जागा ‘कॉन्सोलिडेशन’ खाणीची होती, आणि मैदानाला नाव दिले गेले ते खाणीत उतरताना कामगार एकमेकांना घालतात त्या ‘ग्ल्युकआउफ’ या अभिवादनाचे. १९३० मध्ये या क्लबच्या खेळाडूंवर बंदी आली. गुन्हा काय? खेळाडूंना ठरल्यापेक्षा अधिक पैसे दिले. पोट भरलेल्यांनी हौशी खेळाचे सोवळे पाळायचे आणि खाणीत घाम गाळणाऱ्याने त्या सोवळ्यापायी रोजगार बुडवायचा, असा तो नियम होता. त्या प्रकरणात क्लबचा खजिनदार विली नीअर याने जलसमाधी घेतली. पुढच्या वर्षी बंदी उठल्यावरच्या पहिल्या सामन्याला सत्तर हजार माणसे लोटली. हिशेबाच्या वहीत माणसाचा जीव गुंतलेला असतो, हे या शहराला कोणी नव्याने शिकवायला नको.

जर्मनीतील शेवटची दगडी कोळशाची खाण शेजारच्या बोट्रोप येथे डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. खाणी गेल्या, त्यांच्यामागे रोजगार गेला. क्लब तेवढा राहिला. म्हणून तेथील माणूस क्लबविषयी बोलतो तेव्हा तो करमणुकीविषयी बोलत नसतो. हातात उरलेल्या शेवटच्या सामाईक मालमत्तेविषयी बोलत असतो.

आता पहिल्या तटाचे म्हणणे घेऊ. ‘हा फुटबॉलचा माणूस नाही.’ नसेल. परंतु हृदयाच्या माणसांनी काय दिवे लावले? क्लेमेन्स टॉनिस हे मांसउद्योगातील धनाढ्य २००१ पासून २०२० पर्यंत देखरेख मंडळाचे अध्यक्ष होते. क्लबवरील त्यांच्या मायेचे गोडवे कमी गायले गेले नाहीत. याच काळात, २००७ मध्ये, रशियाच्या गॅझप्रॉम कंपनीचे नाव छातीवर आले, ते युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ च्या फेब्रुवारीत उतरले. २०२० च्या जूनमध्ये टॉनिस यांच्या रेडा-वीडेनब्रुक येथील कारखान्यात दीड हजारांहून अधिक कामगारांना कोरोनाची लागण झाली. त्यांतले कितीतरी पूर्व युरोपातून ठेकेदारांमार्फत आणलेले होते. त्याच वर्षी क्लबने आपल्या युवा संघांतील मुलांची ने-आण करणाऱ्या, तुटपुंज्या पगारावरील चालकांना कामावरून दूर केले. चाहत्यांनी मानवी साखळी धरून निषेध केला, आणि जूनच्या अखेरीस टॉनिस पायउतार झाले. तोवर कर्ज वीस कोटी युरोंच्या पुढे गेले होते. पुढच्या वर्षी संघ संपूर्ण हंगामात तीन सामने जिंकून दुसऱ्या श्रेणीत घसरला. २०२२ मध्ये वर चढला, २०२३ मध्ये पुन्हा घसरला. तेव्हा भावनेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, भावनेचा झेंडा सर्वांत उंच धरतो तो बहुधा मालकच.

पहिल्या तटाचा एक आक्षेप मात्र रास्त होता, आणि नेमका तोच गोंगाटात बुडाला. देखरेख मंडळाचे अध्यक्ष आक्सेल हेफर हे स्वतः ट्रिव्हागोचे मुख्याधिकारी राहिलेले. म्हणजे नेमणाऱ्यांचा प्रमुख आणि नेमलेला, दोघे एकाच कंपनीच्या कार्यालयातून आलेले. यात काही गैर झाले असे आम्ही म्हणत नाही; तसा पुरावा आमच्यापुढे नाही. परंतु ज्यांच्यावर लक्ष ठेवायचे त्यांच्याशी जुना स्नेह असेल, तर लक्ष ठेवणाऱ्याने सभासदांपुढे दुप्पट उत्तरदायी असले पाहिजे. हा प्रश्न टिलमन यांच्या वयाचा नव्हता आणि त्यांच्या संगणकाचाही नव्हता.

दुसऱ्या तटाचे म्हणणे अधिक आधुनिक दिसते, म्हणून अधिक सावधपणे तपासले पाहिजे. ‘आकडे खोटे बोलत नाहीत, त्यांना पक्ष नसतो.’ हे अर्धसत्य आहे. ब्रिटिश हवाई दलातील हिशेब-अधिकारी चार्ल्स रीप याने १९५० पासून शेकडो सामन्यांतील प्रत्येक पासची नोंद ठेवली आणि निष्कर्ष काढला की, बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांनंतर होतात. सबब चेंडू लांबवर भिरकावून द्या. नोंदी खऱ्या होत्या. परंतु सामन्यातील बहुतेक चालीच मुळात तीन पासांच्या आत संपतात. मग गोलही त्यांतूनच अधिक होणार, यात नवल ते काय? चूक आकड्यात नव्हती, आकड्याला विचारलेल्या प्रश्नात होती. त्या चुकीच्या शास्त्राने इंग्लंडच्या फुटबॉलमधील लांब चेंडूच्या पंथाला कित्येक वर्षे बळ दिले.

आकडे ही भांडवलशाहीची मक्तेदारी आहे असाही कोणी समज करून घेऊ नये. १९७० च्या दशकात कीव्हच्या डायनॅमो संघाचे प्रशिक्षक व्हॅलेरी लोबानोव्स्की यांनी अनातोली झेलेंत्सोव या शास्त्रज्ञाला हाताशी धरून खेळाडूंच्या हालचालींचे गणित मांडले, आणि त्या संघाने १९७५ व १९८६ मध्ये युरोपचा कप विनर्स चषक जिंकला. परंतु तेथेही मोजले जाणाऱ्याला मोजणाऱ्याकडे हिशेब मागता येत नव्हता. उलट टोकाला लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबचे उदाहरण आहे. २०१२ मध्ये तेथील चाहत्यांच्या न्यासाकडील बहुमताचे भाग सट्ट्याच्या धंद्यात आकडेमोड करून श्रीमंत झालेल्या मॅथ्यू बेनम यांच्याकडे गेले, आणि २०२१ मध्ये क्लब प्रीमियर लीगमध्ये पोचला. यश खरे आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण चांगला मालक लाभणे हे चाहत्यांचे नशीब आहे, हक्क नव्हे. सरकारी हुकूम काय किंवा खाजगी मालकी काय, काटा दोन्हीकडे वरच्याच हातात राहिला.

आपल्या ऊसकरी शेतकऱ्याला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. वजनकाट्यावर त्याचा भरोसा का नसतो? त्याला वजनाचे शास्त्र कळत नाही म्हणून नव्हे. काटा मारला जातो आणि मारणारा त्याला दिसत नाही, म्हणून. रूरच्या खाणकामगाराचे हेच दुखणे होते. त्याची मजुरी भरलेल्या कोळशाच्या गाड्यांवर ठरे. गाडी काठोकाठ भरलेली नाही, किंवा तिच्यात दगड अधिक आहे, असे वर बसलेल्या माणसाने ठरवले की, ती गाडी हिशेबात शून्य धरली जाई. कोळसा मालकाचा, घाम कामगाराचा, आणि आकडा शून्य! १९०५ च्या जानेवारीत, म्हणजे शाल्के क्लब स्थापन झाल्यानंतर वर्षाच्या आतच, सुमारे दोन लाख खाणकामगार संपावर गेले. त्यांच्या तक्रारींत ही शून्याची प्रथा होती. संप मागे घ्यावा लागला. परंतु त्याच वर्षी प्रशियाच्या सरकारला कायदा करून ही प्रथा बंद करावी लागली आणि मोठ्या खाणींत कामगार-समित्या मान्य कराव्या लागल्या. इंग्लंडच्या खाणकामगारांनी तर १८६० मध्येच काट्याजवळ आपला, आपण निवडलेला तपासनीस बसवण्याचा हक्क कायद्यात लिहवून घेतला होता.

या कामगारांनी काय केले नाही तेही पाहा. ‘वजन करूच नका, आमच्या घामाला वजन नसते’ असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी काटा फोडला नाही. काट्याजवळ आपला माणूस असला पाहिजे, एवढेच ते म्हणाले. शाल्केच्या वादातील दोन्ही तट नेमके हेच विसरले. एकाला काटा फोडायचा होता, दुसऱ्याला त्याची पूजा करायची होती.

मग सभासदांनी मागावे काय? पहिली मागणी अशी की, ज्या आकड्यांच्या नावाने निर्णय होतात त्यांचा ताळेबंद पैशाच्या ताळेबंदाइतकाच नियमाने वार्षिक सभेपुढे यावा. व्यवहार होण्यापूर्वी गुपिते फोडा असे कोणी म्हणणार नाही. पण हंगाम संपल्यावर अंदाज काय होता आणि घडले काय, हे कळलेच पाहिजे. नव्या कारभारात संघ २०२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत दहावा आला, २०२५ मध्ये चौदावा. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रशिक्षक आणि क्रीडा-संचालक दोघांनाही एकदमच घरी पाठवले गेले. मग गणित चुकले, की गणिताचे ऐकले गेले नाही? हे विचारणे म्हणजे अडाणीपणा नव्हे. दुसरी मागणी, सभासदांनी निवडलेले आणि आकडेशास्त्र जाणणारे स्वतंत्र तपासनीस असावेत. तिसरी, खेळाडूच्या अंगावर यंत्रे बांधून त्याच्या धावण्याची, श्वासाची, थकव्याची जी नोंद होते तिच्यावर पहिला हक्क त्या खेळाडूचा असावा. खेळाडूंच्या जागतिक संघटनेने २०२२ मध्ये याच हक्कांची सनद पुढे मांडली आहे. खेळाडू लक्षाधीश असेल. पण मोजला जाणारा देह हा श्रमिकाचाच देह असतो.

या मागण्या हवेतल्या नाहीत, कारण जर्मनीत त्यांना अजून पाय टेकायला जमीन आहे. १९९८ पासूनच्या नियमाप्रमाणे क्लबच्या व्यावसायिक कंपनीत निम्म्याहून एक अधिक मत सभासदांच्या संस्थेकडे असावे लागते. काही अपवाद आहेत, आणि लाइपझिगसारख्या ठिकाणी मतदार सभासद मूठभर ठेवून नियमाचा आत्मा काढून घेतला गेला आहे. शाल्केने तर आपला व्यावसायिक संघ अद्याप कंपनीकडे दिलेलाच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये लीगच्या प्रक्षेपण-उत्पन्नातील हिस्सा खाजगी भांडवलाला विकण्याचा ठराव झाला, तेव्हा चाहत्यांनी मैदानांवर टेनिसचे चेंडू फेकून सामने रोखले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगला तो बेत सोडून द्यावा लागला. संघटित माणूस काय करू शकतो याचा हा ताजा दाखला आहे.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. आकड्यांचा माणूस म्हणून ज्यांच्यावर शिव्यांचा वर्षाव झाला त्या टिलमन यांच्याच कारकिर्दीत, २०२५ च्या आरंभी, शाल्केने चाहत्यांची सहकारी संस्था उभी केली. सभासदांनी भाग घ्यायचे, त्यातून स्टेडियमच्या कंपनीत हिस्सा घ्यायचा आणि क्लबचे कर्ज हलके करायचे. त्याआधी हॅम्बर्गच्या सांक्ट पाउली क्लबनेही असाच मार्ग धरला होता. सावकाराऐवजी सभासदाकडे जाणे, हे पाऊल स्वागतार्हच आहे.

परंतु सहकाराच्या नावाने आपण महाराष्ट्रातील माणसांनी एकदम भारावून जाऊ नये. ऱ्हाइनकाठच्या रायफायझनच्या पतपेढ्यांचा अभ्यास करून फ्रेडरिक निकल्सन यांनी मद्रास सरकारला अहवाल दिला, आणि १९०४ मध्ये, शाल्केच्याच जन्मवर्षी, आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. हे रोप जर्मनीहून आपल्याकडे आले आणि येथे फोफावले. त्याला पुढे कोणती कीड लागली तेही आपण पाहिले. कागदावर शेतकरी मालक. प्रत्यक्षात वार्षिक सभा म्हणजे ‘मंजूर, मंजूर’चा गजर आणि जेवणावळ. भाग सभासदाच्या नावावर, काटा मात्र दुसऱ्याच्या हाती! शाल्केच्या सभासदाने आपल्याकडून काही शिकायचे असेल तर एवढे शिकावे की, मालकीचा दाखला भिंतीवर लावल्याने मालकी येत नाही. प्रश्न विचारण्याची सवय सुटली की, सहकार हे पैसे गोळा करण्याचे आणखी एक साधन होते.

आपल्या कार्यकर्त्यांनीही यातून बोध घ्यावा. उद्या आपल्या पतसंस्थेत, रुग्णालयात, कारखान्यात असाच एखादा तरुण आकडे घेऊन येईल. त्याच्या वयाची थट्टा करू नका. त्याच्या यंत्रापुढे हातही जोडू नका. गणित शिका, काट्याजवळ जा, आणि आपला माणूस तेथे बसवा. मोजमापाला भिण्याचे कारण कष्टकऱ्याला कधीच नव्हते. त्याने पाठवलेली भरलेली गाडी आजही कोठे ना कोठे शून्य धरली जात आहे, आणि ती शून्य ठरवणारा हात आज मेघांआड गेल्यासारखा दिसेनासा झाला आहे. तो हात उजेडात आणणे, हेच आपले काम.