स्वस्त विजेच्या हिशोबात डोंगराची किंमत किती धरली?



उदंचन म्हणजे काय, आणि त्यात आपलं काय जातं, हा प्रश्न मावळ-जुन्नरच्या वाड्यांमधून सारखा येतोय. सरकारी कागदावर हा शब्द असा येतो की वाटावं काहीतरी पूजेतलं उदक आहे. तसं काही नाही. डोंगराच्या माथ्यावर एक तळं बांधायचं, पायथ्याला दुसरं, आणि मधे डोंगर पोखरून बोगदा काढायचा. दुपारी ऊन तापलं की सोलरची वीज इतकी होते की घ्यायला गिऱ्हाईक कमी पडतं, म्हणून ती स्वस्त. त्या विजेवर पंप लावून खालचं पाणी वर चढवायचं. संध्याकाळी शहरात दिवे, पंखे, एसी एकदम सुरू होतात, सूर्य तर मावळलेला असतो, तेव्हा वीज महाग. मग वरचं पाणी खाली सोडून वीज काढायची आणि विकायची. वर चढवायला चार युनिट लागली तर उतरताना साधारण तीन परत मिळतात. एक युनिट वाटेतच जातं. तरी धंदा परवडतो, कारण दुपारच्या आणि संध्याकाळच्या भावात फरक आहे.

आपल्याकडचा हिरड्याचा व्यापारी हेच करतो. आपल्याला पैशाची नड असते तेव्हा बाळहिरडा पडत्या भावात घेतो, गोदामात ठेवतो, भाव चढला की बाहेर काढतो. इथं गोदाम म्हणजे आपला डोंगर. फरक इतकाच की व्यापारी गोदामाचं भाडं तरी भरतो.

ही गोष्ट अगदी नवीही नाही. भिऱ्याला 150 मेगावॅटचं असं यंत्र आधीच आहे, घाटघरला 250 मेगावॅटचा प्रकल्प 2008 पासून चालू आहे. नवीन आहे ती घाई. जून 2023 मध्ये राज्य सरकारने एनएचपीसी आणि टोरंट पॉवर यांच्याशी मिळून 13,050 मेगावॅटचे सामंजस्य करार केले. टोरंटच्या वाट्याला कर्जतमध्ये 3,000, जुन्नरमध्ये 1,500 आणि मावळात 1,200. ऑगस्टमध्ये टाटा पॉवरशी करार झाला, शिरोत्याला 1,800 आणि भिवपुरीला 1,000. करार म्हणजे काम नव्हे, यातले काही कागदावरच राहतील. पण कुठले राहतील हे आपल्याला कुणी विचारून ठरवणार नाही, म्हणून आत्ताच बोललं पाहिजे.

आधी एक गोष्ट साफ करून टाकू. हवामान बदल हे शहरातल्या लोकांनी काढलेलं खूळ आहे, असं आपल्यातलेही काही जण म्हणतात. ते खरं नाही. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री ठाकरांच्या इर्शाळवाडीवर दरड आली. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात जुन्नर-आंबेगावची हिरड्याची झाडं मोडली, आणि त्याची भरपाई मिळवायला आदिवासींना वर्षानुवर्षं भांडावं लागलं, कारण सरकारच्या लेखी हिरडा हे पीकच नव्हतं. एकेका पावसाचं बोट धरून हा हवामान बदलाचा, हा नाही, असं सांगता येत नाही. पण थोड्या वेळात धो धो कोसळणारा पाऊस वाढलाय, हे शास्त्रज्ञ मोजून सांगतात आणि आपण डोळ्यांनी बघतो. कोळसा जाळणं कमी झालं तर त्यात आपलं भलं आहे. कोळशाच्या खाणीसुद्धा कुठल्या तरी आदिवासीच्याच रानात असतात. तेव्हा आपलं भांडण सूर्याशीही नाही आणि वाऱ्याशीही नाही. भांडण हिशोबाचं आहे.

तर हिशोब. 2010 साली केंद्रीय वीज नियामक आयोगाने सोलरच्या विजेचा दर युनिटला 17 रुपये 91 पैसे ठरवला होता. डिसेंबर 2020 मध्ये गुजरातच्या लिलावात तोच दर 1 रुपया 99 पैशांवर आला. दहा वर्षांत नवव्या हिश्श्यावर! हा चमत्कार कसा झाला? जर्मनीने 2000 साली कायदा केला की सोलरची वीज ठरलेल्या चढ्या भावाने वीस वर्षं घेतली जाईल. त्या खात्रीवर कारखाने निघाले. पुढे चीनने मोठाले कारखाने उभे केले, माल जितका जास्त निघाला तितका दर पडला. आपल्या सरकारनेही सुरुवातीला महाग वीज विकत घेतली. म्हणजे सुरुवातीचा तोटा जगभरच्या साध्या लोकांनी वीजबिलातून आणि करातून सोसला, तेव्हा ही वीज स्वस्त झाली. कंपन्यांच्या हुशारीने झाली असं जे सांगितलं जातं ते अर्धंच खरं आहे.

आता त्या दोन-अडीच रुपयांत काय काय धरलेलं असतं? पॅनेल, लोखंड, बँकेचं व्याज, मजुरी, कंपनीचा नफा. आणि जमीन? इथं गंमत आहे. जमिनीची किंमत जमीन बघून ठरत नाही, कागद बघून ठरते.

सातबारा असलेल्या शेतकऱ्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन भाड्याने दिली, तर त्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे, दरवर्षी तीन टक्के वाढ आहे, आणि जमीन त्याचीच राहते. आपण ती योजना घ्या म्हणत नाही, ज्याच्या पोटाला शेत लागतं त्याने भाड्यावर जगू नये. पण सरकारनेच एक भाव काढलाय, तो लक्षात ठेवा. आता शेजारची वनजमीन घ्या. तिथं तीन पिढ्या नाचणी-वरई पिकते, गुरं चरतात, हिरडा-करवंद निघतं. तीच जमीन प्रकल्पाला वळवली तर कंपनी एकदाच पैसे भरते. जानेवारी 2022 च्या दराने हे जंगलाचं निव्वळ मूल्य हेक्टरी 9 लाख 57 हजार ते 15 लाख 95 हजार. रक्कम कमी नाही. पण ती जाते कुठे? कॅम्पाच्या निधीत. आणि त्यातून वनखातं झाडं लावतं, पुष्कळदा दुसऱ्या एखाद्या वाडीच्या दळीवर, चराईवर खड्डे खणून. एका वाडीचं रान वीज करायला गेलं, त्याच्या पैशात दुसऱ्या वाडीचं रान कुंपणात गेलं. दोन्ही ठिकाणी ग्रामसभेच्या हातात काही नाही.

आणखी एक कलम बघा. 2008 च्या केंद्रीय जलविद्युत धोरणात असं होतं की धरणाच्या विजेतली 12 टक्के वीज राज्याला फुकट, त्यावर आणखी 1 टक्का त्या भागाच्या विकासाला, आणि प्रत्येक विस्थापित कुटुंबाला दहा वर्षं महिन्याला 100 युनिट. ही कलमं कुणी मेहेरबानी म्हणून घातली नव्हती, धरणग्रस्तांच्या लढ्यांनी ती घालायला लावली. एप्रिल 2023 मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने उदंचनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि या प्रकल्पांना फुकट विजेच्या अटीतून सोडवलं. कारण काय, तर इथं वीज तयार होत नाही, फक्त साठवली जाते. ते खरं आहे. पण तळ्याखाली जमीन जाते तेव्हा ती काय फक्त साठवली जाते का?

हा अंक आम्ही खडकीत काढतो. (मशीन हाताने फिरवायचं आहे म्हणून बरं, वीज गेली तरी अंक थांबत नाही.) खडकीच्या कडेने मुळा नदी जाते. उन्हाळ्यात बघाल तर नदी कमी आणि गटार जास्त. ही तीच मुळा, जिच्यावर मुळशीचं धरण आहे. तिचं पाणी पूर्वेला यायचं, ते अडवून डोंगरातून पश्चिमेला भिऱ्याला पाडलं आणि त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. टाटांच्या सहा धरणांचं मिळून 40 टीएमसीहून अधिक पाणी असं दरवर्षी कोकणात उतरतं. त्या काळी गिरण्या कोळशावर चालायच्या, धूर ओकायच्या. पाण्याची वीज म्हणजे तेव्हाचा नवा शोध, स्वच्छ आणि स्वस्त. आजच्यासारखंच कौतुक तेव्हाही झालं.

16 एप्रिल 1921 ला, रामनवमीला, मावळ्यांनी मुळशीचा सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे पुढे होते. बायका चालू कामाच्या जागेवर जाऊन बसल्या. तीन वर्षं चालला, शेवटी मोडला. तो का मोडला यात आपल्याला शिकण्यासारखं आहे. पोलीस, तुरुंग हे होतंच. पण पुष्कळशा जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कसणारा मावळा, कागद सावकाराचा. सावकारांना नुकसानभरपाईचा भाव पटला आणि ते बाजूला झाले. ज्याचं नाव कागदावर त्याच्याशी सौदा झाला, ज्याचा घाम जमिनीत तो पाण्यात गेला. कंपनीला धरण स्वस्तात पडलं त्याचं हे एक कारण.

पाण्याचं झालं, वाऱ्याचंही तेच. पंधरा वर्षांपूर्वी खेड तालुक्यात, भीमाशंकर अभयारण्याला लागून, आंध्रा तलावाच्या वरच्या डोंगरांवर एनरकॉनच्या पवनचक्क्या आल्या. 194 हेक्टर वनजमीन. माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट समितीने 2011 च्या अहवालात त्याबद्दल स्पष्ट लिहिलंय. वनखात्याच्याच अंदाजाने सुमारे 28,000 झाडं तुटली, उभ्या चढावर रुंद रस्ते काढल्याने दरडी सुटल्या, राडारोडा शेतांत आणि धरणांत उतरला. कंपनीने चौक्या, पाट्या लावल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणाऱ्यांना त्यांच्याच डोंगरावर जायला अडवलं. वनहक्क कायदा आलेला होता, दावे मात्र मंजूर केलेले नव्हते. वारा फुकट असतो हे खरंच आहे. आपलं रान फुकट धरलं गेलं कारण दावा मंजूर नव्हता.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे की दावा हीच आपली किंमत आहे. वनहक्क कायद्याच्या कलम 4(5) प्रमाणे दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कुणालाही कसत्या वनजमिनीवरून हलवता येत नाही. पण दावाच केला नसेल तर अधिकारी खुशाल लिहितो, "या क्षेत्रात कोणाचेही हक्क नाहीत." नुसता कसण्याचा वैयक्तिक दावा करून भागत नाही. माथ्यावरचं तळं तुमच्या खाचरात येणारच असं नाही, ते चराईच्या सड्यावर येतं, देवराईला लागून येतं. तो सामूहिक वनहक्काचा भाग आहे, आणि तिथंच आपण कमी पडतोय. पुष्कळ वाड्यांनी वैयक्तिक दावे केले, सामूहिक दावे पडून आहेत.

दुसरं, मंजुरीची वाट बदलली आहे. 3 ऑगस्ट 2009 च्या पत्राने केंद्राने बंधन घातलं होतं की वनजमीन वळवण्याच्या प्रस्तावासोबत ग्रामसभेची संमती हवी. जून 2022 च्या नव्या वनसंवर्धन नियमांनी ते केंद्राच्या मंजुरीआधी बघायची गरज ठेवली नाही, वनहक्क कायदा पाळला की नाही हे राज्य सरकारने नंतर बघायचं. म्हणजे दिल्लीचा होकार आलेला, कंपनीने पैसे भरलेले, आणि मग ग्रामसभेला विचारणार. लग्नाचा मांडव घालून झाल्यावर मुलीला विचारल्यासारखं. तरी वनहक्क कायदा जागेवर आहे. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने नियमगिरीच्या बाबतीत ग्रामसभांना विचारा म्हणून सांगितलं, आणि ओडिशातल्या त्या बाराच्या बारा ग्रामसभांनी वेदांतच्या खाणीला नाही म्हटलं. खाण झाली नाही. गाव पेसात असो की नसो, वनहक्क कायदा सगळीकडे लागू आहे.

काही कार्यकर्ते विचारतात, मग आपण सरसकट नाहीच म्हणायचं का? आमचं मत असं की घाईला तर नक्की नाही म्हणायचं. सोलरचा दर दहा वर्षांत नऊपट पडला. वीज साठवायच्या बॅटऱ्यांचा दरही तसाच झपाट्याने खाली येतोय, आणि बॅटरी शहरातल्या उपकेंद्राच्या आवारातही बसते, तिला डोंगर पोखरावा लागत नाही. बॅटऱ्यांना लागणारे धातू दुसऱ्या देशांत कुणाच्या तरी जमिनीतून निघतात, तो प्रश्न आहेच. पण यंत्र जुनं झालं तर बदलता येतं, पोखरलेला डोंगर आणि बुडालेला सडा परत येत नाही. जे दहा वर्षांनी कदाचित लागणारच नाही, त्यासाठी कायमची गोष्ट देऊन बसायचं का, हा प्रश्न कंपनीने नाही, तर सरकारने सोडवायचा आहे. आणि जिथं उदंचन खरंच लागतं, तिथं आधी तयार असलेली जुनी धरणं वापरा. भागिदारी द्यायची तर वर्षाला द्या, विकलेल्या युनिटमागे द्या, ग्रामसभेच्या खात्यावर द्या. एकरकमी पैसे दोन पावसाळ्यांत संपतात.

वीज आपल्यालाही हवी आहे. त्याची वाट वनहक्क कायद्यात आहे, फार थोड्यांना माहीत आहे. कलम 3(2) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा गावाच्या तेरा कामांसाठी प्रत्येकी एक हेक्टरच्या आत वनजमीन वळवता येते, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटत नसतील तर. त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. त्या तेरा कामांत अपारंपरिक ऊर्जाही आहे. वाडीच्या पाण्याच्या पंपाला, पिठाच्या गिरणीला पुरेल एवढं सोलर त्यात सहज बसतं.

मोजणीला, ड्रिल मारायला कुणी आलं तर भांडू नका, पळवूनही लावू नका. कोणाकडून आलात, परवानगीचं पत्र कुठाय, कुठला सर्व्हे नंबर, कुठला कंपार्टमेंट, किती हेक्टर, एवढं विचारा आणि तारखेसह वहीत लिहा. पत्राचा मोबाईलवर फोटो काढा. कोऱ्या किंवा आधी लिहून आणलेल्या ठरावावर सही-अंगठा देऊ नका. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. तेवढे नसतील तर ठराव टिकत नाही, मग तो आपला असो की त्यांचा. सामूहिक दाव्याचे नकाशे ज्या वाड्यांचे अर्धे राहिलेत त्यांनी पावसाआधी पुरे करावेत, सड्यावर फिरता येतं तोवर. दाव्याची पोच घेतल्याशिवाय उपविभागीय कार्यालयातून परत येऊ नका, आणि पोचीची एक नक्कल खडकीला पाठवा.