कानाचं छोटं ऑपरेशन, आईबाबांचा मोठा दिवस

बंगळुरूतल्या मराठी घरात मूल उशिरा बोलायला लागलं की सल्ला ठरलेला असतो. 'घरात मराठी, खाली खेळायला कन्नड आणि हिंदी, शाळेत इंग्रजी. लेकरू गोंधळणारच! एखादी भाषा कमी करा.' आणि कमी करायची भाषा नेहमी मराठीच असते.

आमच्या चार वर्षांच्या लेकीबद्दलही हेच ऐकलं. ती शब्दांची शेवटची अक्षरं खायची. 'स' आणि 'श' धड येत नव्हते. तिच्या शाळेतल्या बाईंनी मात्र वेगळंच सांगितलं. 'मागून हाक मारली तर ती वळत नाही. समोर बसवलं की सगळं कळतं. आधी कान तपासून घ्या.'

तपासणी म्हणजे खेळच होता. हेडफोनमध्ये आवाज आला की एक ठोकळा बादलीत टाकायचा. मोठ्या आवाजांना ठोकळे पडले, बारीक आवाजांना ठोकळा हातातच राहिला. दुसऱ्या तपासणीत कानात हवेचा हलका दाब देऊन पडदा किती हलतो ते पाहिलं. निरोगी कानाच्या आलेखात डोंगरासारखा उंचवटा येतो. तिच्या दोन्ही कानांची रेघ सपाट आली. पडद्यामागे चिकट पाणी साचलं होतं.

याला 'ग्लू इअर' म्हणतात. नाकाच्या मागून कानात जाणारी एक बारीक नळी असते. लहान मुलांमध्ये ती आखूड आणि बरीचशी आडवी असते, त्यामुळे सर्दीनंतर कानातलं पाणी नीट निचरत नाही. बहुतेक वेळा ना कान ठणकतो, ना ताप येतो, म्हणून घरच्यांच्या लक्षातच येत नाही. मुलाला सगळं ऐकू येतं, पण कानात बोळे घातल्यासारखं. चार भाषांचा यात काहीही दोष नाही. एकापेक्षा जास्त भाषा कानावर पडल्यामुळे मूल बोलण्यात मागे पडत नाही, हे तिथल्या मॅडमनी आम्हाला अगदी स्पष्ट सांगितलं.

डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सुचवलं नाही. आधी तीन महिने थांबायला सांगितलं, कारण पुष्कळ मुलांच्या कानातलं पाणी आपोआप ओसरतं. तिचं ओसरलं नाही. मग 'ग्रोमेट' बसवायचं ठरलं. ही तांदळाच्या दाण्याहूनही लहान, दोऱ्याच्या रिळासारखी नळी असते. पडद्याला बारीक छेद देऊन पाणी ओढून घेतात आणि तिथे ती नळी बसवतात, म्हणजे आत हवा खेळती राहते. अमेरिकेतले डॉक्टर बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी 1954 मध्ये प्लास्टिकची अशी नळी वापरल्याचं प्रसिद्ध केलं आणि तेव्हापासून ही पद्धत रुळली.

तो दिवस

ऑपरेशन दहा-पंधरा मिनिटांचं. तरीही मोठ्या माणसासारखं मूल गप्प पडून राहत नाही, म्हणून पूर्ण भूल द्यावी लागते. आमची सगळी धास्ती त्या भुलीचीच होती.

आदल्या रात्रीनंतर जेवण बंद, दूधही बंद. साधं पाणी भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत चालेल, असं लिहूनच दिलं होतं. पोटात अन्न असलं तर भुलीत ते उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून ही सक्ती. लहान मुलांना सकाळचा पहिला नंबर देतात तेही यासाठीच. त्या सकाळी आमच्या घरी कुणीच चहा केला नाही. तिच्यासमोर कपाला तोंड लावायची कुणाची छाती होती?

रुग्णालयात वजन झालं, कारण भुलीचं औषध वजनावर ठरतं. हातावर नावाची पट्टी आली. आमच्या सह्या झाल्या. भूलतज्ज्ञांनी विचारलं, सर्दी-खोकला, ताप आहे का? कुठल्या औषधाची ॲलर्जी? एखादा दात हलतोय का? दाताचा प्रश्न ऐकून सासूबाई चकित झाल्या. सैल दात भुलीत निसटून घशात जाऊ शकतो, हे कळल्यावर त्यांनी नातीचे दात स्वतः पुन्हा एकदा तपासले.

खरी कसोटी दाराशी होती. आत सगळ्यांच्या तोंडावर मास्क. आमची लेक तर माणसांचे ओठ बघून निम्मं समजून घेणारी. ती सिस्टरकडे टक लावून बघत राहिली आणि तिचा चेहरा रडवेला झाला. सासूबाई बेळगावच्या. त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं, 'हिला तोंड दिसलं नाही तर कळत नाही.' सिस्टरनी तिथेच मास्क खाली केला, हसल्या आणि म्हणाल्या, 'हेदरबेडा, पुट्टी.' घाबरू नकोस, बाळा. लेकीने त्यांचं बोट धरलं. दार मिटलं.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं मी समोरच्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता इतक्या वेळा वाचला, की अजूनही तोंडपाठ आहे. नवरा लिफ्टपर्यंत जायचा, परत यायचा. मग सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, 'आयतु.' झालं.

शुद्धीवर येताना ती प्रचंड रडली. हातपाय झाडत होती, मला ओळखतही नव्हती. हे आधी सांगितलं होतं म्हणून आम्ही तग धरला. भुलीतून बाहेर येताना बऱ्याच लहान मुलांचं असं होतं, थोड्या वेळात निवळतं आणि मुलाला नंतर आठवतही नाही. अर्ध्या तासाने ती माझ्या खांद्यावर शांत झाली आणि तिने पेज मागितली. दुपारी आम्ही घरी निघालो. रस्त्यावर येताच तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. 'आई, रिक्षा एवढ्या जोरात का ओरडतेय?' मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो.

तुमच्या घरी हा दिवस येणार असेल तर

मुलाला खरं सांगा, पण त्याच्या मापाचं. 'औषधाने झोपशील, उठशील तेव्हा आम्ही शेजारी असू,' एवढं पुरतं. 'फक्त फिरायला जातोय' असं सांगू नका. आवडतं खेळणं सोबत न्या. पुढे बटणं असलेला शर्ट घाला, डोक्यावरून काढावा लागत नाही.

आधी सर्दी, खोकला किंवा ताप आला तर लपवू नका, लगेच फोन करा. तारीख पुढे गेली तरी चालते.

घरी आल्यावर आंघोळीत साबणाचं पाणी कानात जाऊ देऊ नका. पोहायला कधी न्यायचं ते डॉक्टरांना विचारा. कानातून पाणी किंवा पू येऊ लागला तर मनाने तेल किंवा घरगुती थेंब घालू नका, डॉक्टरांना दाखवा. ग्रोमेट साधारण सहा महिने ते दीड वर्षात आपोआप गळून पडतं. काही मुलांना ते पुन्हा बसवावं लागतं.

आणि मूल उशिरा बोलत असेल, टीव्ही मोठा करत असेल, मागून मारलेल्या हाकेला ओ देत नसेल, तर आधी श्रवण तपासणी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळेतल्या मुलांची आरोग्य तपासणी मोफत होते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था या सरकारी संस्थांमध्येही कानांची तपासणी होते.

घरातली भाषा कमी करण्याआधी मुलाला ती ऐकू येते का, एवढं बघा. आमच्या घरी मराठी आता पूर्वीपेक्षा जास्तच बोलली जाते, आणि बोलणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज लेकीचा असतो.