थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर आयडलिंग बिघडलं? नवा पार्ट घेण्याआधी हे तपासा

पेट्रोल गाडीची थ्रॉटल बॉडी खोलली, साफ केली, पॅकिंग बदलून पुन्हा बसवली. पिकअप सुधारला. पण सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये उभी राहिली की आरपीएमचा काटा दीड हजारावर अडकतो, नाहीतर वर-खाली झोके घेत राहतो. काही गाड्या तर थांबताच बंद पडतात. पुन्हा गॅरेज गाठलं की अनेकदा ठरलेलं उत्तर मिळतं: ‘थ्रॉटल बॉडी गेली, नवीन टाकावी लागेल.’ हा हजारोंचा खर्च असतो. आणि बऱ्याच वेळा ती गेलेलीच नसते.

साफ झाली, म्हणूनच बिघडली

अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसतानाही इंजिन चालू राहायला थोडी हवा लागते. आजच्या बहुतेक गाड्यांत ही हवा थ्रॉटलची चकती किंचित उघडी ठेवून दिली जाते. किती उघडायची हे इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. वर्षानुवर्षं चकतीच्या कडेला कार्बन साचतो, हवेची फट अरुंद होते. मग इसीयू चकती थोडी जास्त उघडतो आणि तो आकडा लक्षात ठेवतो.

गॅरेजमध्ये तासाभरात कार्बन निघून जातो, पण इसीयूची आठवण जुनीच राहते. तो सवयीप्रमाणे चकती जास्त उघडतो, आता फट मोकळी असल्याने हवा भसकन आत जाते आणि आरपीएम चढतो. इंजिन गरम झाल्यावर बऱ्याच गाड्यांचं आयडलिंग साधारण ६५० ते ८५० आरपीएम असतं. ते हजाराच्या पुढे राहिलं तर स्कॅनरवर पी०५०७ हा कोड येऊ शकतो. त्याचा अर्थ ‘आयडलिंग अपेक्षेपेक्षा जास्त’ एवढाच. ‘पार्ट खराब’ असा नाही.

यावरचा उपाय म्हणजे आयडल रीलर्न. अनेक गाड्यांत ते स्कॅनरने करावं लागतं. काहींत इंजिन पूर्ण गरम करून, एसी आणि हेडलाइट बंद ठेवून, अ‍ॅक्सिलरेटरला हात-पाय न लावता काही मिनिटं चालू ठेवलं की जमतं. पद्धत मॉडेलनुसार बदलते. बॅटरीची वायर काढून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो काही गाड्यांत लागू पडतो, सगळ्यांत नाही.

नळ बदलल्यावर पाणी सोडून गळती बघितल्याशिवाय प्लंबर निघत नाही. रीलर्नही तसंच कामाचा भाग आहे. त्याचे वेगळे पैसे मागणं, किंवा ते न करताच गाडी ताब्यात देणं, हे अर्धवट काम झालं. ग्राहकाने गाडी देतानाच विचारायला हवं: ‘रीलर्न करणार ना?’

चोरटी हवा

रीलर्न करूनही काटा हलत असेल तर हवा दुसरीकडून घुसते आहे का ते बघायचं. जुनंच पॅकिंग पुन्हा लावलेलं, बोल्ट वाकडे आवळलेले, पीसीव्हीचा पाइप तडकलेला किंवा ब्रेक बूस्टरचा होज नीट न बसलेला, असं काहीही निघू शकतं. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असेल तर ही चोरटी हवा मोजलीच जात नाही, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन धडधडतं. त्याऐवजी एमएपी सेन्सर असेल, तर दाब वाढल्याचं पाहून इसीयू पेट्रोलही वाढवतो आणि आरपीएम चढतो. त्यामुळे एकाच गळतीची लक्षणं दोन गाड्यांत वेगळी दिसतात.

अंदाजाने पार्ट बदलण्यापेक्षा स्कॅनरवरचा ‘फ्युएल ट्रिम’ बघायला सांगा. आयडलिंगला तो अधिक २० टक्क्यांच्या आसपास आणि अडीच हजार आरपीएमला शून्याकडे उतरत असेल, तर गळतीचा संशय बळावतो. नेमकी जागा स्मोक टेस्टमध्ये कळते. चालू, गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधणं आगीला निमंत्रण आहे. आणि ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट लागत असेल तर गाडी चालवूच नका. बूस्टरचा होज निसटलेला असू शकतो.

सीएनजी गाडी असेल तर ही सगळी तपासणी आधी पेट्रोलवर करा. नाहीतर दोष किटचा की थ्रॉटलचा, यावरच दिवस जातो.

केबलच्या जुन्या गाड्या

इथे चकती केबलने हलते आणि आयडलिंगची हवा आयएसी व्हॉल्व्ह सांभाळतो. तो काजळीने अडकला तर चकाचक थ्रॉटल बॉडीचाही उपयोग नाही. चकतीचे स्क्रू काढून पूर्ण ओव्हरहॉल केलं असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. चकतीच्या कडा तिरक्या घासलेल्या असतात. ती उलटी बसली तर पूर्ण मिटतच नाही. थ्रॉटल पोझिशन सेन्सर जरा फिरून बसला तरी ‘पाय उचलला’ हे इसीयूला कळत नाही.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते स्टॉप स्क्रूने. आरपीएम जमत नाही म्हणून तो फिरवला की वेळ निभावते, पण कंपनीने लावलेलं माप जातं आणि खरा दोष झाकला जातो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची चकती बोटाने ढकलणंही तसंच. आतले गिअर बऱ्याचदा प्लॅस्टिकचे असतात.

थ्रॉटल बॉडी खरोखर खराब होते तेव्हा पुरावा मिळतो. तिच्यातले दोन पोझिशन सेन्सर एकमेकांशी जुळत नाहीत आणि पी२१३५सारखा कोड पुन्हापुन्हा येतो, किंवा चकती अडकत असल्याचं लाइव्ह डेटात दिसतं. कनेक्टर आणि वायरिंग तपासून झाल्यावरही हेच दिसत असेल, तर नवीन पार्टचे पैसे मोजायला हरकत नाही. मात्र तो बसवल्यावरही रीलर्न करावंच लागतं.